राखी बगळा कंपनीचे इतिहासकार

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात माणसाला नावाआधी कंपनी विचारायचे. मी आकुर्डीत खोली शोधत फिरत होतो तेव्हा घरमालक दार अर्धवट उघडून आधी "कुठल्या कंपनीत?" म्हणायचे आणि उत्तर पसंत पडलं तर दार पूर्ण उघडायचे. हाच प्रश्न बगळेसाहेबांना कुणी विचारला की ते अगदी गंभीरपणे सांगत, "नोकरी इथे, चिंचवडात. पण माझी कंपनी म्हणाल तर बर्लिनची. राखी बगळा चित्रपट मंडळी. सध्या बंद आहे."

ती कंपनी बंद पडून तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. पण ते "सध्या" असं बिनधास्त म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, संप मिटायचाच काय तो अवकाश, सोमवारपासून भोंगा सुरू.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं आणि ते मी इथे लिहिणार नाही. बगळे हे नाव शॉपमधल्या, म्हणजे खाली कारखान्यातल्या, लोकांनी ठेवलेलं. एक तर त्या बर्लिनच्या कंपनीमुळे, आणि दुसरं म्हणजे माणूस होताच तसा. उंच, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि रॅकसमोर उभे राहिले की एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर. नाव इतकं रुळलं की एका दिवाळीत मिठाईच्या यादीवर पर्सोनेल खात्याने त्यांना बगळेच लिहिलं. त्यांनीही समोर तशीच सही ठोकली आणि डबा घेऊन घरी गेले.

मी तिथे ड्रॉइंग ऑफिसात चेकर होतो. ड्राफ्ट्समन ड्रॉइंग काढतो आणि चेकर ते तपासतो, एवढं साधं काम. बरोबर मापावर पिवळ्या पेन्सिलीची खूण, चुकीच्या मापाभोवती लाल गोल. चेकरची सही झाल्याशिवाय ड्रॉइंग खाली शॉपला जात नसे. पंचविशी-सव्विशीतला पोरगा मी, आणि माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसांच्या कागदांवर लाल गोल मारायचा अधिकार मला होता. तो मी जरा जास्तच आवडीने वापरायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बगळेसाहेब ड्रॉइंग स्टोअर सांभाळायचे. आमच्या कंपनीचा एका जर्मन कंपनीशी करार होता, त्यांची ड्रॉइंग्ज यायची. त्यांवरच्या सूचना मराठी-इंग्रजीत करून देणं हे बगळेसाहेबांचं काम. जर्मन भाषा येणारा हा एकच माणूस सगळ्या कंपनीत, आणि तो कॉलेजात जर्मन शिकलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्रज सरकारने इथल्या जर्मन लोकांना छावण्यांमध्ये ठेवलं होतं. साताऱ्याच्या तसल्या एका छावणीत बगळेसाहेब शिधा वाटणारे कारकून होते. तिथे त्यांना एक जर्मन गृहस्थ भेटले, ज्यांना ते जन्मभर "उस्ताद" म्हणत आले. रोज वर्तमानपत्र पुरवायचं आणि त्या बदल्यात अर्धा तास जर्मन शिकायचं, असा दोघांचा सौदा होता.

हे उस्ताद राखी बगळा कंपनीचे मुख्य कॅमेरामन. कंपनी बंद झाल्यावर ते नशीब काढायला मुंबईच्या एका स्टुडिओत आले आणि लढाई सुरू होताच छावणीत पडले. लढाई संपल्यावर ते परत गेले नाहीत. देहूरोडला लष्कराच्या सिनेमागृहातली प्रोजेक्टरची यंत्रं दुरुस्त करत राहिले आणि तिथेच वारले. शेवटच्या आजारपणात बगळेसाहेबच त्यांच्या उशाशी होते. उस्तादांनी त्यांना एक पत्र्याची ट्रंक दिली आणि म्हणाले, "माझी कंपनी विसरू नकोस."

दुसरा कुणी असता तर ट्रंक माळ्यावर टाकून वर्षश्राद्धाला आठवण काढली असती. बगळेसाहेबांनी इतिहास लिहायला घेतला. मराठीतून, वह्यांवर वह्या, एकोणीस वर्षं.

तो इतिहास आम्हाला कँटीनमध्ये जेवताना हप्त्याहप्त्याने मिळायचा. कंपनीची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर एका फुलं पिकवणाऱ्या माळ्याच्या काचेच्या घरात झाली. तेव्हाचे सिनेमे मुके, दिवे महाग, म्हणून उजेड सूर्याचाच. फुलांच्या कुंड्या एका बाजूला सरकवून नटनट्या उभ्या करायच्या. ढग आला की काम बंद, ढग गेला की चालू. मागच्या तळ्यावर एक राखी बगळा यायचा, तोच कंपनीच्या शिक्क्यावर बसला. बगळेसाहेब हे सगळं चालू वर्तमानकाळात सांगायचे. भातावर वरण घेता घेता म्हणायचे, "आज आमच्याकडे आभाळ आहे. शूटिंग बंद. सुतार लोक पत्ते खेळतायत."

पुढे दिवे आले, कंपनी भरभराटली, बर्फाच्या डोंगरावरचा एक सिनेमा खूप चालला. मग बोलपट आले आणि पंचाईत झाली. काचेच्या छपरावर पाऊस पडला की आवाज थेट ध्वनिमुद्रणात. मालकाने डोकं लढवून सगळ्या छपरावर वाळलेलं गवत अंथरलं. पाऊस ऐकू येईना, पण गवतातलं बी टिपायला चिमण्यांचे थवे आले आणि नायिकेच्या आईच्या मरणाच्या प्रसंगात इतका चिवचिवाट झाला की दिग्दर्शक स्वतः शिडी लावून वर चढला. हा किस्सा आम्ही बगळेसाहेबांकडून दहादा तरी सांगून घेतला असेल.

शेवट मात्र ते हळू आवाजात सांगत. देशात नवं राज्य आलं. मालकाच्या सासुरवाडीची माणसं ज्यू, ती त्या राज्याला नको होती, त्यामुळे मालकही नकोसा झाला. एका सकाळी माणसं कामावर आली तर गेटला कुलूप, मालक रातोरात देश सोडून गेलेला. हे ऐकताना कँटीनमधले चमचे थांबायचे. गेटला कुलूप म्हणजे काय हे आमच्या टेबलावर कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. टूलरूममधले बाबुराव रहाटणीचे, जुन्या गावकऱ्यांपैकी. ते एकदा घास तसाच हातात धरून म्हणाले, "मंग त्यांची युनियन न्हवती व्हय?"

"नव्हती, बाबुराव."

"तरीच," बाबुराव म्हणाले आणि त्यांनी घास खाल्ला.

गंमत म्हणजे या कंपनीचा एकही सिनेमा बगळेसाहेबांनी पाहिलेला नव्हता. ते इथे मिळणार कुठून? लढाईत बहुतेक जळालेच होते. पण त्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही. "पडद्यावर दिसतं ते उरलेलं असतं हो," ते म्हणायचे, "झालेलं निराळंच असतं." एकदा आम्ही त्यांना आग्रहाने चिंचवडच्या टॉकीजला नेलं तर हा माणूस तीन तास मान मागे वळवून प्रोजेक्टरच्या झरोक्यातून येणारा उजेड बघत बसला. मागच्या रांगेतल्या बाईंनी शेवटी नवऱ्याला जागा बदलायला लावली.

त्यांचा इतिहासही तसाच होता, नटनट्या कमी आणि कामगार जास्त. ट्रंकेत कंपनीची रोजची कामपत्रं होती. आज कुणी कुठे काम केलं ते त्यांत लिहिलेलं. त्यात दिग्दर्शक, नट, कॅमेरामन यांची नावं असायची आणि कामगारांचे नुसते नंबर. बगळेसाहेबांनी प्रत्येक नंबराचं एक कार्ड केलं होतं. बारा म्हणजे म्हातारा सुतार, अडतीस म्हणजे पडदे रंगवणारी बाई. पण त्यांचा जीव सत्तेचाळीसवर. सत्तेचाळीस दिवे सांभाळायचा. एका प्रसंगात वर टांगलेला तापलेला दिवा निसटून नायिकेच्या डोक्यावर येत होता, तर या सत्तेचाळीसने तो उघड्या हाताने धरला आणि प्रसंग पुरा होईपर्यंत सोडला नाही. कामपत्रात एवढंच होतं, "४७, उजवा तळवा भाजला, दोन दिवस रजा." त्यावर बगळेसाहेबांनी दोन पानं लिहिली होती आणि शेवटी लिहिलं होतं, "हा कोण होता, त्याचं नाव काय, हे कागदांवरून कळत नाही. कळलं असतं तर मी त्याला नमस्कार केला असता."

त्यांच्या घरीही हेच वातावरण. चिंचवडगावात दोन खोल्या, मूलबाळ नाही. काकू भाजी निवडता निवडता विचारायच्या, "अहो, त्या अडतीस नंबरच्या बाईला परत कामावर घेतलं का?" बाहेरच्या माणसाला वाटावं, शेजारणीबद्दल चाललंय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

त्या वर्षी जर्मनीहून एक इंजिनिअर नवं मशीन बसवायला आला. सहा महिने राहिला. बगळेसाहेब दुभाषे म्हणून त्याच्याबरोबर असायचे. एकदा तो हसत हसत त्यांना काहीतरी म्हणाला आणि बगळेसाहेबांनीच ते आम्हाला मराठीत सांगितलं. "तो म्हणतोय, तुमचं जर्मन झकास आहे, पण शिकवलं कुणी? आमच्याकडे असं हमाल-मिस्त्री बोलतात, शिव्यांसकट." आम्ही हसलो. बगळेसाहेबही हसले आणि म्हणाले, "उस्ताद मोठे होते, पण कामगारांत मिसळायचे. भाषेला वास लागतोच."

हा इंजिनिअर ज्या गावचा, तिथे जुन्या सिनेमांचं एक संग्रहालय होतं. त्याने तिकडे पत्र टाकलं आणि उलट टपाली त्यांचं उत्तर आलं. राखी बगळा कंपनीचे आमच्याकडचे सगळे कागद लढाईत जळाले. तिथे काम करणाऱ्यांची नावं आणि काम असं काही तुमच्याकडे असेल, तर आम्ही आमच्या यादीत कायमचं नोंदवू.

बगळेसाहेबांनी ते पत्र मला शिडीवर उभं राहून वाचून दाखवलं. एकोणीस वर्षं हा माणूस कशासाठी लिहीत होता ते मला त्या दिवशी कळलं. कुठल्या तरी कागदावर उस्तादांचं नाव लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. इंजिनिअर शनिवारी निघणार होता. त्याच्या हाती यादी द्यायची ठरली. पहिल्याच ओळीत उस्तादांचं नाव, पुढे "मुख्य कॅमेरामन", आणि खाली बाकीचे.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत त्यांनी ती यादी माझ्यापुढे ठेवली. बरोबर ट्रंकेतली कामपत्रंही आणली होती.

"अहो चेकर, हे तपासा."

"साहेब, मी काय तपासणार? मला जर्मन कुठे येतं?"

"आकडे येतात ना? न तपासलेला कागद आपण शॉपला सोडतो का? मग परदेशी कसा सोडायचा?"

मी पेन्सिली काढल्या. चार दिवसांची कामपत्रं त्यांनी वाचून दाखवली, मी यादीशी ताडून पाहिली, पिवळ्या खुणा करत गेलो. कॅमेरामन म्हणून तीन वेगवेगळी नावं आली, पण उस्तादांचं नाव एकदाही आलं नाही. मी विचारलं. ते म्हणाले, ही कामपत्रं नेमकी त्यांच्या रजेच्या दिवसांतली असतील, ट्रंकेत सगळे दिवस थोडेच आहेत? उत्तर तयार होतं, म्हणजे हा प्रश्न त्यांना स्वतःलाही कधीतरी पडलेला होता.

मग माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या कागददाबावर गेली. सागवानी ठोकळा, त्यावर उस्तादांनीच चिकटवून दिलेला पितळी गोल बिल्ला, बिल्ल्यावर एका पायावरचा बगळा. उस्तादांची आठवण म्हणून तो तिथे कायम असायचा, लखलखीत घासलेला. मी तो रोज पाहत होतो. पण त्या दिवशी हातात तपासणीची पेन्सिल होती आणि डोक्यात नुसते नंबर होते.

"साहेब, हा कंपनीचा बिल्ला ना?"

"कंपनीचाच. उस्तादांचा."

"पण कॅमेरामनला बिल्ला कशाला?"

आमच्या गेटवर रोज सकाळी कामगार आपापला पितळी बिल्ला पेटीत टाकून आत जायचे. मी नाही टाकायचो, बगळेसाहेब नाही टाकायचे, साहेब लोकांचा तर प्रश्नच नव्हता. स्टाफची सही असते, बिल्ला कामगाराचा असतो. चिंचवडमध्ये हे शाळकरी पोरही सांगेल. बगळेसाहेबांनी तो बिल्ला एखाद्या पदकासारखा जपला होता, आणि पदकाला कुणी मागून बघत नाही.

त्यांनी ड्रॉवरमधून कागद कापायची सुरी काढली आणि बिल्ला स्वतःच उचकटला. मागची बाजू डिंकाने काळी झाली होती. त्यांनी रुमाल थुंकीने ओला करून घासला. आकडे उमटले. चार आणि सात.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. चूक सापडल्याचा चेकरला होतो तो हलकट आनंद. मी लाल पेन्सिल उचललीसुद्धा होती. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होते.

"छावणीत चहाची किटली सांडली होती म्हणाले होते," ते म्हणाले. "इथली कातडी चकाकायची त्यांची. किटली म्हणाले होते."

दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब कामावर आले नाहीत. ही गोष्ट एवढी अघटित होती की टाइमकीपरने दोनदा फोन करून विचारलं. मला जेवण गेलं नाही. मी माझ्या शहाणपणाला शिव्या घातल्या आणि पाच वाजता सुटल्यावर सायकल थेट चिंचवडगावाकडे काढली.

दारात काकू. "या," म्हणाल्या, "बसलेत आत. सकाळपासून चहाशिवाय काही नाही."

ते ट्रंकेजवळ जमिनीवर बसले होते. सगळी कामपत्रं पसरलेली, शेजारी सत्तेचाळीसचं कार्ड. मी येताना वाटभर ठरवलेलं बोलून टाकलं. "साहेब, यादी आहे तशी पाठवा. तिकडे कोण तपासणार आहे? त्यांचे कागद तर जळालेत."

"तुम्ही तपासलंत ना," ते म्हणाले.

मग एक कामपत्र उचलून ते म्हणाले, "डोंगरावरच्या शूटिंगला पंधरा दिवस होतो, बर्फात कॅमेऱ्याचं तेल गोठलं, हे त्यांनी मला इतकं रंगवून सांगितलं होतं. ते पंधरा दिवस ४७ काचघरात दिव्यांच्या तारा बदलत होता. इथे लिहिलंय. मी हा कागद शंभरदा वाचलाय. खोटं बोलले हो उस्ताद. आणि मी ते वहीत उतरवलं."

काकू आतून ताट घेऊन आल्या. त्यांनी ते कागद हलक्या हाताने बाजूला केले आणि ताट ठेवलं. "मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या, "तुमचा तो हात भाजलेला सत्तेचाळीस, तो कोण ते कळत नाही म्हणून एवढी वर्षं हळहळत होतात. आता कळलं. तर तोंड पाडून काय बसलाय?"

बगळेसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते मला म्हणाले, आणि हे त्यांचे शब्द मी विसरणार नाही, "अहो चेकर, राग त्यांचा नाही आला मला. छावणीत मी शिधा वाटायचो. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं की मी दिवे धरणारा माणूस आहे, तर मी रोज अर्धा तास त्यांच्यासमोर बसलो असतो का? नसतो बसलो. मी कॅमेरामनकडून जर्मन शिकायला गेलो होतो. हे त्यांना कळलं होतं."

मग ते जेवले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात वीजकपातीची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी बसून त्यांनी यादी नव्याने लिहिली आणि शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर टाकली. पहिली ओळ आता मालकाची होती. उस्ताद खाली दिव्यांच्या विभागात होते. क्रमांक ४७, पूर्ण नाव, काम दिवे, आणि पुढे एक वाक्य, तळवा भाजला तरी दिवा सोडला नाही. सगळ्या नंबरांत नाव मिळालेला हा एकच माणूस होता. मी प्रत्येक ओळीवर पिवळी खूण केली. आयुष्यात इतक्या समाधानाने मी कुठलाच कागद पास केला नाही.

शनिवारी इंजिनिअर ती यादी घेऊन गेला. दीड-दोन महिन्यांनी संग्रहालयाचं उत्तर आलं, दोन ओळींचं. यादी मिळाली, नोंद केली, आभारी आहोत. कौतुक नाही की काही नाही. बगळेसाहेबांना तेवढं पुरलं. त्यांना नोंद हवी होती, ती झाली. त्यांनी पत्र फायलीला लावलं आणि मला म्हणाले, "येत्या गुरुवारी काही काम आहे का? देहूरोडला जायचंय. एक चूक माझ्या हातून दगडात झालीय."

बाबुरावांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाबुराव टूलरूममध्ये अक्षरं कोरण्यात वाकबगार, आणि त्यांचे मामा पाथरवट, त्यामुळे छिन्नी घरचीच. आम्ही तिघे बसने निघालो. देहूरोडच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत कडेला, बोरीच्या झुडपाजवळ, एक साधी शहाबादी फरशी आडवी बसवलेली होती. तिच्यावर उस्तादांचं नाव मराठीत आणि खाली एकच शब्द, "कॅमेरामन". ती फरशी बगळेसाहेबांनीच बसवली होती, आमच्या कंपनीत येण्याआधीच्या नोकरीत असताना.

मी म्हणालो, "बाबुराव, तो शब्द घासून सपाट करता येईल ना? वर नवीन कोरू."

"यील की. अर्ध्या तासाचं काम हाय."

"घासायचं नाही," बगळेसाहेब म्हणाले. "ड्रॉइंगवर चुकलेलं माप आपण पुसतो का? एक रेघ मारतो, शेजारी बरोबर माप लिहितो, फेरबदलाचा नंबर घालतो. जुनं वाचता आलं पाहिजे. तेही त्यांनीच सांगितलेलं आहे, राहू द्या. हेही राहू द्या."

बाबुराव टाचांवर बसले आणि त्यांनी वर पाहिलं. "साहेब, मेलेल्या मानसाच्या दगडावर काट मारायची? बरं दिसंल का?"

"मारा. सरळ मारा, हात हलू देऊ नका. मी सांगतोय ना."

बाबुरावांनी पट्टी धरली आणि "कॅमेरामन"वरून एक रेघ ओढली, अशी सरळ की ड्रॉइंग ऑफिसात कुणी नाव ठेवलं नसतं. खाली कोरलं, "दिवे". बाजूला छोटा त्रिकोण काढून त्यात एकचा आकडा. आमच्या ड्रॉइंगवर पहिला फेरबदल असाच दाखवायचे. उन्हं चांगली तापली होती. बगळेसाहेब फरशीवर पडलेली भुकटी फुंकून उडवत होते. मध्येच त्यांनी फरशीला वाकून नमस्कार केला, अगदी डोकं टेकून. बाबुरावांनीही छिन्नी खाली ठेवून हात जोडले.

मग बगळेसाहेब म्हणाले, "आता खाली ड्रॉइंगवर असतात तसे दोन रकाने. काढले आणि तपासले."

"काढले"पुढे त्यांनी स्वतःची आद्याक्षरं कोरून घेतली. बगळेची नव्हे, खऱ्या नावाची. "तपासले"पुढे बाबुराव थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. बगळेसाहेबही बघत होते. मी म्हणालो, "साहेब, माझी कशाला? मी तर त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

"उस्तादांनी आणि मी, दोघांनी पाहिलं होतं एकमेकांना," ते म्हणाले. "म्हणून तर चुकलं. सांगा यांना अक्षरं."

मी अक्षरं सांगितली. बाबुरावांनी ती कोरली आणि छिन्नी पिशवीत टाकली. मी नोकरीच्या काळात हजारो कागदांवर सह्या केल्या, ते सगळे आता रद्दीत गेले असतील. त्या फरशीवरची माझी आद्याक्षरं अजून आहेत.